तोफा देशाच्या, मग नोकऱ्या कुणाच्या?

वाशिम जिल्ह्यात एकही आयुध निर्माणी नाही. तरीही आपल्या वस्त्यांमधली आयटीआय झालेली मुले अंबाझरी, भद्रावती, भंडाऱ्याच्या निर्माणींतील भरतीकडे डोळे लावून बसत आली. कारण तिथे आरक्षण होते.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्राने आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून ४१ निर्माणींच्या सात कंपन्या केल्या. सुधारणा हवीच होती, हे मान्य. कंपन्या सरकारी असल्याने आरक्षणही अजून आहे. पण २००१ पासून शस्त्रनिर्मिती खासगी भांडवलाला खुली आहे, आणि घटनेचे कलम १६(४) खासगी कारखान्याच्या फाटकापाशीच थांबते.

वकील म्हणून माझा सवाल साधा आहे. या कारखान्यांचे मोठे गिऱ्हाईक सरकारच ना? पैसा जनतेच्या कराचाच ना? खरेदी करारात दर्जाची अट चालते, स्वदेशी भागांच्या टक्केवारीची अट चालते. मग अनुसूचित जाती-जमातींच्या भरतीची अट का चालत नाही? आपल्या खासदारांनी हे संसदेत विचारलेच पाहिजे.

बाबासाहेबांच्या पाठपुराव्यामुळे महार रेजिमेंट उभी राहिली, तीही १ ऑक्टोबरलाच, १९४१ साली. बंदूक चालवायला आमचे हात चालतात, मग ती घडवायला का नकोत?