आवाज फुटला म्हणून गाणं सुटायला नको

मैत्रिणींनो, शाळाशाळांतून गायन स्पर्धांचे दिवस आले की आपल्या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंगही बदलतो. एरवी लोणच्याला बुरशी का आली, सासूबाईंशी कसं बोलावं, असे प्रश्न. या दिवसांत मात्र घसा बसला, पट्टी चुकली, परीक्षकांनी अन्याय केला, अशी पत्रं येतात. घरात कुणी नुसतं शिंकलं तरी आईच्या पोटात गोळा येण्याचा हा काळ! यंदाचं एक पत्र मी दोनदा वाचलं, आणि आजचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं.

एक भगिनी लिहितात: ‘माझा मुलगा नववीत आहे. सातवीपर्यंत आंतरशालेय स्पर्धेत वैयक्तिक गायनाचं बक्षीस त्याचंच असायचं. यंदा त्याच्या बाईंनी त्याला वैयक्तिकमधून काढलं आणि समूहगीतात मागच्या रांगेत उभं केलं. तो घरी गुणगुणतसुद्धा नाही. त्याचे बाबा म्हणतात, बरं झालं, आता अभ्यास करेल. क्लास बदलू, की शाळाच बदलू?’ आणि पत्राच्या अगदी शेवटी, ओझरतं वाक्य: ‘हल्ली त्याचा आवाजही जरा चमत्कारिक येतो.’

ताई, सगळं दुखणं त्या शेवटच्या वाक्यात आहे हो! मुलाचा आवाज फुटतो आहे. शाळा बदलून तो काही थांबणार नाही.

साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांच्या गळ्यातलं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं. त्यातले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. सतारीची तार जाड झाली तर तिचा सूर खाली येणारच, तसंच हे. मुलाचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही बदलतो बरं का, पण दोन-तीन स्वरांनीच. म्हणून तो आपल्या लक्षात येत नाही. काही महिने आवाज थोडा पोकळ, हवा मिसळल्यासारखा लागतो, एवढंच. मुलांचं मात्र अवघड. काल सहज लागलेला वरचा षड्ज आज लागत नाही, मध्येच आवाज चिरकतो, वर्गातली पोरं हसतात. स्नायूंना या नव्या मापाची सवय व्हायला काही महिने लागतात, कुणाला वर्ष-दीड वर्षही लागतं.

आता विचार करा. ज्या मुलाला पाचवीपासून ‘आमचा गाणारा’ म्हणून पाहुण्यांपुढे बसवलं, त्याच्या हातून त्याची ओळखच निसटते आहे. आपण मोठी माणसं काय म्हणतो? ‘अरे, तुझा आवाज बिघडला की!’ हा शब्द आधी घरातून हद्दपार करा. आवाज बिघडलेला नसतो, तो मोठा होत असतो. ‘बदलतोय’ म्हणा. एका शब्दाने फार फरक पडतो. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, दर वर्षी मुलांबरोबर स्पर्धांना जाते, म्हणून हे सांगते.

‘आवाज फुटताना गाऊच नये’ असं पूर्वीचे लोक सांगत. आवाजाचा अभ्यास केलेली मंडळी आता तसं म्हणत नाहीत. ताण न देता, जेवढे स्वर आरामात लागतात तेवढ्यात गायला हरकत नाही. हरकत आहे ती ओढून वर जाण्याला, ओरडून गाण्याला. आणि स्पर्धेचं वैयक्तिक गीत म्हटलं की ते ओढणं आलंच! जुनी बक्षिसाची चीज, जुनीच पट्टी, समोर परीक्षक, मागे आईची अपेक्षा. म्हणून त्या बाईंनी केलं ते मला योग्य वाटतं. त्यांनी मुलाशी दोन शब्द बोलून हे करायला हवं होतं, एवढंच म्हणेन.

आणि ही मागची रांग आपल्याला एवढी टोचते का हो? मी पाहते ना, वैयक्तिकचा निकाल लागला आणि नंबर आला नाही की काही आया मुलीचं दप्तर उचलून निघतात. ‘समूहगीत दुपारी आहे, तिच्यावाचून काही अडत नाही,’ म्हणतात. अहो, अडतं! आठ जणींचा आवाज बसवलेला असतो, त्यातली एक गेली तर उरलेल्या सात जणींनी काय करायचं? आपल्या लेखी वैयक्तिक म्हणजे खरं गाणं आणि समूहगीत म्हणजे उरलेल्यांची सोय. हा समज कुठून आला कोण जाणे.

भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा १९६७ पासूनची आहे. तिच्यासाठी ‘चेतना के स्वर’ या पुस्तकातली गीतं बसवताना मुलं महिना महिना घाम गाळतात. गुरूच्या घरी राहून एकट्याने विद्या मिळवायच्या काळात विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि अनेकांना एकत्र बसवून गाणं शिकवलं. संगीतकार वसंत देसाई तर शाळकरी मुलांकडून समूहगीतं बसवून घेण्यात रमून जात. आपल्याकडे कितीतरी शाळांत सकाळी म्हटल्या जाणाऱ्या दोन हिंदी प्रार्थना, ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांतल्या, त्यांच्याच चालीतल्या. (गंमत बघा, स्पर्धेच्या पत्रकात ‘चित्रपटगीत चालणार नाही’ असं ठळक छापलेलं असतं, आणि त्याच शाळेचा दिवस चित्रपटातल्या प्रार्थनेने सुरू होतो!)

समूहात गायला कान लागतो. एकटा गाणारा लय थोडी पुढे-मागे करून निभावून नेतो, तबलजी सांभाळून घेतो. इथे आठ जणांनी एकाच जागी श्वास घ्यायचा, एकाच वेळी शब्द सोडायचा. ‘श’ आणि ‘स’ म्हणताना एकजण आधी आणि एकजण नंतर आला की सभागृहात सापाने फूत्कार टाकल्यासारखं ऐकू येतं. उत्साहाच्या भरात लय वाढते, आणि कहरव्यातलं गीत शेवटच्या कडव्याला धावत सुटतं. हे सगळं शिकायला मागची रांग फार चांगली जागा आहे. आवाज बदलणाऱ्या मुलासाठी तर उत्तमच. एखादा स्वर नाही लागला तर तो गप्प राहू शकतो, कुणी हसत नाही, आणि गाण्याशी नातं टिकून राहतं.

पण पट्टीचं काय, ते मात्र विचारून घ्या. मुलींची पट्टी बहुधा काळी चार-काळी पाचच्या आसपास असते, आवाज फुटलेल्या मुलाची काळी एक-काळी दोनच्या. संघात मुली जास्त म्हणून गीत त्यांच्या पट्टीत बसवतात आणि ही बिचारी मुलं वर बघून ताणत राहतात. अशा मुलांनी तीच चाल खालच्या सप्तकात म्हणावी. चाल फार खाली गेली तर तेवढ्या ओळीपुरतं हळू म्हणावं किंवा थांबावं. दोन-तीन मुलांचा असा भारदस्त आवाज खाली मिळाला की समूहगीताला जी भरीवता येते, ती नुसत्या मुलींच्या आवाजाला येत नाही. ताई, तुमच्या मुलाच्या बाईंना एवढंच सुचवा. भांडायला जाऊ नका, विचारायला जा. आणि मुलाला घरी सांगा की मागच्या रांगेतून तो गाण्याला पाया देतो आहे. हे खोटं समाधान नाही, खरंच आहे.

घरच्या रियाजाचं म्हणाल तर वीस मिनिटं पुरे. संध्याकाळी शाळेतून आला, खाल्लं-प्यालं, जरा वेळ गेला की बसावं. तानपुऱ्याची सोय आता मोबाइलमध्येही मिळते. त्याच्या नव्या पट्टीत षड्ज लावायचा आणि मधल्या पाच-सहा स्वरांतच फिरायचं. वरचे स्वर आज लागतात का, हे रोज तपासत बसू नये. तुम्ही स्वयंपाकघरात असाल तरी चालेल, किंबहुना तिथेच राहा. दारात उभं राहून ऐकणारी आई म्हणजे त्याला आणखी एक परीक्षक!

खाण्यापिण्याबद्दल तर दहा जणी दहा उपाय सांगतात. मिरी-मध, ज्येष्ठमध, खडीसाखर. यांनी घशाला बरं वाटतं हे खरं. पण आपण गिळतो तो पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंवरून जातच नाही. त्यामुळे कुठल्याही चाटणाने आवाज ‘सुटत’ नाही. दिवसभर पुरेसं साधं पाणी, पुरी झोप आणि मैदानावर आरडाओरडा कमी, याने जास्त काम होतं. घसा कोरडा वाटला तर पाण्याची वाफ घ्यावी. कुजबुजत बोलूनही आवाजाला विश्रांती मिळत नाही, त्यापेक्षा गप्प बसणं बरं. आणि आवाज दोन-तीन आठवडे सतत घोगराच राहिला, गिळताना दुखलं, तर वयावर न ढकलता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता ‘बरं झालं, अभ्यास करेल’ म्हणणाऱ्या बाबांकडे वळू. नववीत आवाजाच्या निमित्ताने आणि दहावीत परीक्षेच्या निमित्ताने गाणं बंद होतं, आणि बंद झालेलं गाणं पुन्हा सुरू होणं किती कठीण, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्यापैकी किती जणींनी प्रवेशिकेपर्यंत परीक्षा दिल्या होत्या? पेटी कुठे आहे? माळ्यावर! मुलींच्या बाबतीत तर दहावी हे कारण फारच लवकर सापडतं. अहोंना सांगा, शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झाल्या असतील तर दहावीला वाढीव गुणांची तरतूद आहे. किती परीक्षांना किती गुण, ते शाळेत विचारून घ्यावं. गुणांसाठी गावं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण ज्या घरात गुणांचीच भाषा कळते, तिथे ती बोलावी!

पुढच्या वर्षी आवाज स्थिरावला तर वैयक्तिकला पुन्हा उतरता येईल. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेला ‘कला उत्सव’ तर माध्यमिक शाळांतल्या मोठ्या मुलांसाठीच आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही. फक्त जुनं बक्षिसाचं गीत पुन्हा आणू नका. नव्या आवाजाला नवं गीत निवडा, मधल्या स्वरांत फिरणारं.

अमेरिकेतल्या शाळांमध्येही मुलांसाठी एकल आणि छोट्या गटांच्या संगीत स्पर्धा होतात. तिथे बहुतेक ठिकाणी पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. ठरलेल्या मापाला मूल किती उतरलं त्याची श्रेणी देतात, आणि परीक्षक काय चांगलं, काय सुधारायचं ते कागदावर लिहून देतात. चांगल्या गाणाऱ्या दहाच्या दहा मुलांना वरची श्रेणी मिळू शकते. आपल्याकडे नंबर काढतात, ठीक आहे. पण तो शेरा मागून घ्यायला कुणी आडकाठी करत नाही. निकालानंतर परीक्षकांची जेवणाची घाई नसेल तेव्हा मुलाला स्वतःलाच विचारू द्या, ‘सर, माझं काय सुधारायला हवं?’ तुम्ही चार पावलं लांब उभ्या राहा.

स्पर्धेच्या दिवशी पोटभर पुरी-भाजी खाऊन गाणं होत नाही, श्वास अपुरा पडतो. दोन तास आधी मऊ भात किंवा उपमा, जवळ कोमट पाण्याचा थर्मास, आणि गाऊन झाल्यावर खायला डब्यात भरपूर काहीतरी. डबा आपल्या एकट्याच्या मुलाला पुरेल एवढा नेऊ नका, मागच्या रांगेतली सगळीच पोरं भुकेलेली असतात. परतताना बसमध्ये निकालाचा विषय काढायचा नाही. तो काढेल तर ऐकायचं.

ताई, महिनाभराने पुन्हा लिहा, आणि मुलगा कोणत्या पट्टीत गातो तेही कळवा. लोणच्याच्या बुरशीबद्दल विचारणाऱ्या भगिनींना पुढच्या अंकात उत्तर देते, तोवर बरणी उन्हात ठेवा.