व्याख्यान टेलला ठेवा!



दर 15 सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, इंजिनिअरांच्या संस्था शहरात व्याख्याने भरवतात. नीरा कालव्यावरची ब्लॉक पद्धत विश्वेश्वरय्यांचीच. पाणी मूठभरांकडे न अडता जास्त गावांत पोचावे म्हणून आणलेली. आज सभागृहात टाळ्या पडतात आणि टेलच्या चारीत गवत उगवते!

आमचे भांडण विद्येशी नाही, मौनाशी आहे. 2012 साली सिंचनातल्या गैरकारभारावर पत्र लिहिणारे विजय पांढरे मुख्य अभियंताच होते. बाकीचे कधी बोलणार?

2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यायचे ठरले. पुढचे व्याख्यान चारीवर ठेवा, आमच्यासमोर पाणी मोजा. भाकरी आम्ही आणतो, हिशेब तुम्ही आणा!