हवा मोजली, वारा मोजायचा राहिला

वास्कोत बंदरालगतच्या घरांमध्ये खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवले की ते काळे होते. त्याच दिवशीचा हवा गुणवत्ता निर्देशांक मात्र ‘समाधानकारक’ या रकान्यात बसलेला असू शकतो. मग रहिवासी आकड्यांना खोटे ठरवतात आणि यंत्रणा तक्रारींना अतिरंजित. आकडा खरा असूनही अपुरा असतो, ही शक्यता या वादात कोणी फारशी विचारात घेत नाही.

पहिली अडचण मापनाच्या व्याख्येतच आहे. ‘पीएम १०’ म्हणजे दहा मायक्रॉन वा त्याहून कमी व्यासाचे कण. त्याहून जाड कण यंत्राच्या तोंडाशीच वेगळे काढले जातात, कारण ते फुप्फुसात खोलवर पोहोचत नाहीत. उघड्यावर हाताळल्या जाणाऱ्या कोळशाची भुकटी बऱ्याच अंशी या जाड गटात मोडते. म्हणजे गृहिणी फडक्याने पुसते ती धूळ आणि यंत्र मोजते ती धूळ या पुष्कळशा वेगळ्या गोष्टी आहेत. खाली बसणारी धूळ मोजण्यासाठी महिनाभर उघडे ठेवलेले एक भांडे आणि तराजू पुरतो. परंतु दैनंदिन निर्देशांकात त्या मापनाला स्थानच नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम १० ची चोवीस तासांची सरासरी घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आत असावी लागते. आता शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे आठवावेत. पावसाळा सरल्यावर गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारी वारा वायव्येकडून, समुद्रावरून येतो. रात्री व पहाटे तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. मुरगाव बंदराच्या धक्क्यांच्या पूर्वेस आणि आग्नेयेस वास्को शहर पसरले आहे. साहजिकच दुपारी बंदरावरची हवा शहरावर येते आणि पहाटे शहरातली हवा समुद्राकडे निघून जाते. समजा, दुपारचे सहा तास प्रमाण १८० राहिले आणि उरलेले अठरा तास ६०. तर सरासरी ९० भरते. मानक पाळले गेले! त्या सहा तासांत अंगणात खेळणाऱ्या मुलाने काय श्वासात घेतले, हे त्या ९० मध्ये कुठेच दिसत नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमातील मानवचलित केंद्रांवर तर आठवड्यातून दोनदाच, वर्षाकाठी १०४ दिवस नमुने घेतले जातात. गाळणकागदाचे आधी व नंतर वजन करून धूळ किती ते कळते. ती कोणत्या दिशेने आली, हे तो कागद सांगू शकत नाही.

अर्थात, सारा दोष बंदरावर ढकलणेही शास्त्रीय नव्हे. किनाऱ्यावरील पीएम १० मध्ये समुद्री मिठाचे कण असतात, रस्त्यांची व बांधकामांची धूळ असते, वाहनांचा धूर असतो. कधी पाहुणी धूळही येते: जानेवारी २०२२ मध्ये वायव्येकडून अरबी समुद्र ओलांडून आलेल्या धुळीने मुंबईचे आकाश झाकोळले होते. हा हिस्सा वेगळा काढायचा तर बंदराच्या दोन्ही बाजूंना स्वयंचलित केंद्रे हवीत, शेजारी वातकुक्कुट हवा आणि नोंदी तासागणिक हव्यात. वाऱ्याच्या वरच्या अंगाचा आकडा खालच्या अंगाच्या आकड्यातून वजा केला की मधल्या स्रोताची भर पुष्कळशी स्पष्ट होते. कणांचे रासायनिक पृथक्करण मीठ आणि कोळसा यांचा निवाडा करते. या हिशेबातून बंदर निर्दोषही ठरू शकेल. म्हणून त्याला बंदर व्यवस्थापनाचा विरोध असण्याचे कारण नाही.

हाच कोळसा पुढे रेल्वेने कुळे, कॅसलरॉक, लोंढा असा घाट चढून बल्लारी परिसरातील पोलाद कारखान्यांकडे जातो. खानापूर तालुक्यातील लोंढ्याला उडणारी धूळ वास्कोहून निघालेल्या वाघिणीतली असली, तरी तिथली हवा मोजणारे मंडळ कर्नाटकाचे आणि बंदराला अटी घालणारे मंडळ गोव्याचे. दिल्लीभोवतीच्या राज्यांसाठी संसदेने २०२१ मध्ये कायदा करून हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग स्थापला. त्याने पराळीचा धूर थांबला नाही हे खरे. परंतु पंजाब-हरियाणातला धूर दिल्लीच्या हिशेबात धरला पाहिजे, एवढे तरी कायद्याने मान्य झाले. गोवा आणि कर्नाटकाच्या मंडळांना तासागणिक आकडे व वाऱ्याची दिशा एकाच तक्त्यात प्रसिद्ध करण्यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. बंदरातील कोळसा हाताळणीच्या पुढच्या जनसुनावणीआधी एका संपूर्ण कोरड्या ऋतूचा, म्हणजे नोव्हेंबर ते मे महिन्यांचा, असा तक्ता नागरिकांच्या हाती असावा.