दहा हजार पावलांचा आकडा

आहार आणि व्यायामाची नोंद ठेवणारी अ‍ॅप माणसे का स्वीकारतात, याचे ‘आरोग्याची काळजी’ हे ठरीव उत्तर अपुरे आहे. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रतिमानानुसार, म्हणजे नवे साधन माणूस का वापरू लागतो हे सांगणाऱ्या आराखड्यानुसार, ते उपयोगी आणि सोपे वाटणे निर्णायक ठरते. २०१२ मध्ये व्यंकटेश व सहकाऱ्यांनी याच परंपरेत मौज, किंमत आणि सवय यांची भर घातली. मौजेचे बळ तर विलक्षणच: दहा हजार पावलांचे लक्ष्य वैद्यकशास्त्रातून नव्हे, तर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या ‘मानपो-केई’, अर्थात ‘दहा हजार पावले मोजणारे यंत्र’, या नावातून रूढ झाले, तरी ९,८०० वर अडलेला आकडा पाहून रात्री जेवणानंतर दिवाणखान्यात येरझारा घातल्या जातातच. आहाराची नोंद मात्र किचकट असते. पोळीची जाडी, तिच्यावरचे तूप आणि आमटीची फोडणी कोणत्या मापात बसवावी हे न उमगल्याने ‘एक वाटी’ असे अंदाजाने लिहून मोकळा होणारा वापरकर्ता लवकरच ही नोंद सोडून देतो, पावले मात्र खिशातला फोन न विचारता मोजत राहतो.