गिअर-ऑइल केव्हा बदलावे?

टेम्पोच्या इंजिनाचे ऑइल आपले बहुतेक व्यापारी बंधू वेळेवर बदलतात. गिअरबॉक्सच्या ऑइलची आठवण मात्र गिअर कुरकुरू लागल्यावरच होते. ही काटकसर नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुस्तिकेतील किलोमीटरची मर्यादा साधारण वापराची असते. बेळगावाहून चोर्ला घाटाने भरल्या मालानिशी गोव्यास जाणाऱ्या गाडीस ती जशीच्या तशी लावू नये. भार व चढ यांमुळे ऑइल तापते, लवकर निकस होते आणि दात्यांची झीज वाढते. म्हणून पुस्तिकेत कठीण वापराची निराळी मुदत असल्यास तीच पाळावी. गाडी पुराच्या पाण्यातून गेली असेल, तर ऑइल तपासावे; ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले असे समजून, किलोमीटर न मोजता तत्काळ बदलावे. नवे ऑइल सांगितलेल्या प्रतीचेच भरावे.

खातेवहीशेजारी गाडीचीही एक वही असावी. तीत बदलाची तारीख व किलोमीटर टिपावेत. झिजलेला गिअर उतारावर निसटला, तर प्रश्न मालाचा नसून चालकाच्या जिवाचा असतो. ती तूट कोणत्याही जमाखर्चात भरून निघत नाही.