सारा खजिना एकाच गढात नको

परदेशप्रवास ही आता केवळ महानगरांतील धनिकांची मिरासदारी राहिलेली नाही. गढ्यासारख्या जबलपूरच्या जुन्या वस्तीतूनही मुलांच्या भेटीसाठी किंवा सहलीच्या ओढीने युरोपला निघालेले ग्राहक शाखेत येतात. युरोचा दर काय, रोख किती न्यावी, हे ते आवर्जून विचारतात. सुरक्षेचा विषय निघालाच, तर ‘ते शहर धोक्याचे आहे का?’ एवढाच प्रश्न असतो. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: चोरी झालीच, तर आपल्याजवळ काय उरेल?

बार्सिलोना किंवा लिस्बन यांसारख्या सागरतीरावरील नगरांत पर्यटकाला शस्त्रापेक्षा हातचलाखीचे भय अधिक. बार्सिलोनाचा ‘ला राम्बला’ हा गजबजलेला रस्ता आणि लिस्बनची २८ क्रमांकाची ट्राम खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहेत. कुणी नकाशा पुढे करून वाट विचारतो, कुणी कपड्यावर काही सांडून ते पुसण्याच्या मिषाने जवळ येतो. तेवढ्यात साथीदाराचे काम झालेले असते. अशा वेळी सावध माणूसही क्षणभर बेसावध होतोच. म्हणून केवळ सावधगिरीवर विसंबू नये, व्यवस्था हवी.

आपली सवय मात्र उलट आहे. पारपत्र, दोन्ही कार्डे, सर्व युरो आणि मोबाईल एकाच पिशवीत घालून ती छातीशी धरायची, यालाच आपण सुरक्षितता म्हणतो. गढ्याच्या इतिहासाने याविषयी आपल्याला पूर्वीच शिकवले आहे. बावन्न गढांचे म्हणून ख्यात असलेल्या या राज्याची अपार संपत्ती चौरागढात साठवलेली होती. १५६४ मध्ये राणी दुर्गावती धारातीर्थी पडल्यानंतर आसफखानाने तो एक गढ घेतला आणि पिढ्यांचा संचय त्याच्या हाती गेला.

तेव्हा विभागणी करावी. एक कार्ड अंगावर, दुसरे निवासस्थानी कुलूपबंद. दिवसाला लागेल तेवढीच रोख खिशात. पारपत्र व व्हिसा यांच्या छायाप्रती मूळ कागदांपासून वेगळ्या. १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डे मुळात देशांतर्गत वापरासाठीच दिली जातात. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावयाचा आणि मर्यादाही स्वतः ठरवावयाची असते. ही मर्यादा गरजेपुरतीच ठेवावी. कार्ड बंद करण्यासाठीचा बँकेचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण मोबाईलच गेला तर त्यात साठवलेला क्रमांक काय कामाचा? १८०० ने सुरू होणारे निःशुल्क क्रमांक परदेशातून सहसा लागत नाहीत. तेथून लागणारा क्रमांक निघण्यापूर्वीच शाखेतून घ्यावा.

समुद्रकिनाऱ्यावर तर आपलाच जुना रिवाज उपयोगी पडतो. ग्वारीघाटावर कुटुंब स्नानाला उतरले, की एक जण सामानाजवळ बसतो. बार्सिलोनेताच्या वाळूवरही तेच करावे. लाल निशाण दिसले तर मात्र कुणीच पाण्यात उतरू नये. नर्मदेत पोहण्याचा सराव समुद्राच्या ओढीपुढे पुरा पडत नाही.

एवढे करूनही चोरी झाली, तर प्रथम कार्ड बंद करावे, मग पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तक्रारीची प्रत विम्यासाठी लागते आणि पारपत्र हरवल्यास दूतावासातही. जीविताला धोका असेल तर संपूर्ण युरोपीय संघात ११२ हा क्रमांक विनामूल्य लागतो. दुर्दैवाने कित्येक जण संकोचापायी मौन बाळगतात. मुले रागावतील, लोक हसतील, असे त्यांना वाटते. हे मौन महाग पडते. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिले. येथे एकेका मिनिटाला किंमत आहे.

याचबरोबर आम्हा कर्मचाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. परकीय चलन हाती ठेवले की आपले काम संपले, असे मानणे योग्य नव्हे. निघणाऱ्या ग्राहकाला, विशेषतः प्रथमच जाणाऱ्या ज्येष्ठ दांपत्याला, पाच मिनिटे बसवून या चार गोष्टी समजावून सांगाव्यात. इतके भय मनात घेऊन सहलीची गोडी कशी राहील, असे कुणी म्हणेल. परंतु ज्याचा खजिना एकाच गढात नाही, तोच निश्चिंत मनाने समुद्राकडे पाहू शकतो.