आमचा मोती भुंकतच नाही!

स्मरणिकेसाठी दरवर्षी मी लसीकरण, बालआहार, मुलांचा मोबाईल अशा विषयांवर लिहितो आणि आपण सारे ते सोसून घेता. यंदा संपादकांची परवानगी घेऊन एका कुत्र्याविषयी लिहीत आहे. विषय किरकोळ वाटेल. पण त्यात माझी जी फजिती झाली, तिच्यातून निघालेला बोध तुम्हा-आम्हा डॉक्टर मंडळींना थेट लागू पडतो, म्हणून हे धाडस. ज्या शेजारी कुटुंबाची ही हकीकत आहे त्यांना मी हा मजकूर आधी वाचून दाखवला आहे आणि त्यांच्या संमतीनेच तो छापायला दिला आहे.

माझे बालपण इंदूरच्या रामबागेतल्या एका वाड्यात गेले. तिथे कुत्रा कुणा एकाचा नसे, तो साऱ्या गल्लीचा असे. सकाळची शिळी पोळी एका घरी, दुपारचा भात दुसऱ्या घरी आणि झोप कुणाच्याही ओट्यावर. तो भुंकला तर चोर आला की पाहुणा, एवढाच प्रश्न पडे. तक्रार करायची म्हटली तरी कुणाकडे करणार? आज वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या, दोन बिऱ्हाडांत एक पातळ भिंत उरली आणि कुत्रा ओट्यावरून दिवाणखान्यात आला. त्याला मालक मिळाला, आणि त्याच्या भुंकण्याच्या तक्रारीला पत्ता मिळाला.

आमचा मोती २०२० च्या टाळेबंदीत घरी आला. कन्येचे महाविद्यालय संगणकाच्या पडद्यावर चालू होते, त्यामुळे दिवसभर ती आणि पिल्लू एकत्र असत. २०२३ च्या पावसाळ्यात ती नोकरीसाठी पुण्याला गेली. मी सकाळी दहाला दवाखान्यात जातो, सौ. भूलतज्ज्ञ असल्याने तिचे वेळापत्रक शल्यचिकित्सकांच्या हाती. मोती एकटा राहू लागला. संध्याकाळी आम्ही परतलो की शेपटी हलवीत दाराशी हजर. इतका शहाणा कुत्रा मी पाहिला नाही, असे मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या बाबूजींची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली. बाबूजी माळव्यातले, निवृत्त शिक्षक, अतिशय मितभाषी. आमच्या दोन्ही घरांना एकच भिंत. बाळ तीन आठवड्यांचे झाले तेव्हा त्याला घेऊन ती दवाखान्यात आली. बाळाचे वजन उत्तम वाढत होते. आई मात्र पार थकलेली दिसत होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळे, बोलताना आवाज भरून येत होता. मी नेहमीचा सल्ला दिला, जो आपण सारे बालरोगतज्ज्ञ देतो: रात्री बाळ जागवणारच, तेव्हा दिवसा ते झोपले की तुम्हीही झोपा. तिने खाली पाहून "जी" म्हटले. तिची आई काही सांगू पाहत होती, पण मुलीने तिचा हात हलकेच दाबला. मी ते पाहिले आणि विसरलो.

त्यानंतर चार दिवसांनी दाराच्या फटीत एक चिठ्ठी सापडली. सुवाच्य अक्षरात तीनच ओळी. "डॉक्टर साहब, बुरा मत मानिएगा. दिन में मोती बहुत भौंकता है. हो सके तो कुछ कीजिए."

मला काय वाटावे? खरे सांगायचे तर राग आला. इतकी वर्षे शेजारी राहतो, रात्री-अपरात्री यांच्या घरी धावून जातो, आणि ही चिठ्ठी! मी सौ.ला म्हणालो, "आमचा मोती भुंकतच नाही. दुसऱ्याच कुणाचा तरी असेल."

ती शांतपणे म्हणाली, "अहो, आपण घरी असतो तरी केव्हा?"

दुसऱ्या दिवशी निघताना जुना मोबाईल ध्वनिमुद्रण चालू करून कपाटावर ठेवला. रात्री कागद-पेन घेऊन ऐकायला बसलो, ज्या शिस्तीने आपण न्यूमोनियाच्या बाळाचे श्वास मिनिटभर मोजतो त्याच शिस्तीने. दार बंद झाल्यावर चौथ्या मिनिटाला पहिली हाक. मग भुंकणे, मग लांबलचक रडणे, थोडी विश्रांती, पुन्हा भुंकणे. साडेतीन तासांच्या मुद्रणात एकूण एक तास पन्नास मिनिटे. सर्वांत लांब झटका चोवीस मिनिटांचा. मधूनच भिंतीपलीकडून बाळाच्या रडण्याचा आवाजही आला होता. मी पेन खाली ठेवले.

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे" ही म्हण आपण पालकांना किती सहज ऐकवतो! शाळेतून तक्रार आली की "आमचा मुलगा घरी असे काही करीत नाही" असे म्हणणाऱ्या आईबापांना मी वर्षानुवर्षे समजावीत आलो आहे की, घरी जे दिसत नाही ते शाळेत घडू शकते, म्हणून शिक्षकांचे आधी ऐका. एकटे पडल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तर मालक हा सर्वांत निरुपयोगी साक्षीदार असतो. तो घरी असताना लक्षणच नाहीसे होते!

त्याच संध्याकाळी आम्ही दोघे शेजारी गेलो आणि क्षमा मागितली. मी विचारले, "बाबूजी, इतने दिन बताया क्यों नहीं?" त्यांनी दिलेले उत्तर मी विसरू शकलेलो नाही. "आपसे कैसे कहते, डॉक्टर साहब? रात में बच्चे को कुछ हो गया तो आप ही का दरवाज़ा खटखटाना है."

मित्रहो, हा लेख लिहिण्याचे खरे कारण हे वाक्य आहे. आपण समजतो की शेजारी आपल्याला मान देतात. देतातही. पण त्या मानात थोडी भीती, थोडी गरज मिसळलेली असते, आणि ती त्यांचे तोंड बंद ठेवते. ज्याच्याकडे नाडी दाखवायची त्याच्या कुत्र्याबद्दल, जनरेटरबद्दल, दारात आडव्या लागलेल्या गाडीबद्दल कोण बोलणार? म्हणून डॉक्टरच्या घरावर तक्रार आली नाही, याचा अर्थ तक्रार नाही असा होत नाही. आणि आली, तर ती फार उशिरा आणि फार सोसून झाल्यावर आलेली असते.

या प्रकरणात सोसणारी होती एक बाळंतीण. बाळंतपणानंतरची अपुरी झोप आणि नैराश्य यांचा संबंध आपण जाणतोच. त्या भेटीत मी तिला एडिंबरा प्रश्नावलीतले दहा प्रश्न विचारले. १९८७ साली प्रसिद्ध झालेली ही साधी प्रश्नावली बाळाच्या लसीकरणाच्या वेळीही वापरता येते. पण मी आजवर ती फारशी वापरत नसे, हीही कबुली देतो. उत्तरे काळजी करावी अशी होती. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोललो, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारले तेव्हा चित्र बरेच निवळले होते. केवळ मोती गप्प झाल्याने हे घडले, असा दावा मी करणार नाही. पण "बाळ झोपले की झोपा" असा सल्ला ज्याने दिला, त्याच्याच घरातून ती झोप मोडली जात होती, ही गोष्ट मला आजही टोचते.

आता कायद्याविषयी. अनेकांचा पहिला प्रश्न तोच असतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्र म्हणजे १० ते ६. जवळून ऐकल्यास कुत्र्याचे भुंकणे ८०-९० डेसिबलपर्यंत सहज जाते. उलट बाजूने, भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कुठलीही गृहनिर्माण संस्था बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही. मात्र कुत्रा सतत भुंकू नये, विशेषतः रात्री, याची काळजी मालकाने घ्यावी, असेही तिथे सांगितले आहे. म्हणजे दोन्ही पक्षांना हातात धरायला एकेक कागद आहे. पण बाळंतिणीची रात्र सकाळी अकराला असते. रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेची आणि आपल्या निवासी डॉक्टरांचीही तशीच. त्यांच्यासाठी घड्याळ पाहणारा कायदा पुरा पडत नाही. तिथे शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला विचारावे लागते.

आणि विचारण्याची पद्धत आपल्याला शिकवलेलीच आहे. भुंकणे हे तापासारखे लक्षण आहे, रोग नव्हे. आधी इतिहास घ्यावा: केव्हा, किती वेळ, कशानंतर. मग तपासणी. म्हाताऱ्या कुत्र्यात वेदना, कमी झालेली श्रवणशक्ती किंवा स्मृतिभ्रंश असू शकतो. कंटाळा, भीती, खिडकीतून दिसणारी रहदारी, सतत बांधून ठेवणे, ही इतर कारणे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात तर नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, हीच क्रूरता मानली आहे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या आमच्या पशुवैद्यांनी ध्वनिमुद्रण ऐकून निदान केले: एकटेपणाची धास्ती. "तुमची मुलगी केव्हा गेली?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. तिच्या जाण्याने घर आम्हालाही खायला उठले होते, पण आम्हाला दवाखाना होता. मोतीला काहीच नव्हते.

उपचार साधे, पण चिकाटीचे. सकाळी निघण्यापूर्वी पाऊण तास फिरवणे, जे मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या मलाही हवेच होते. रस्त्याकडच्या खिडकीला जाड पडदा. मोतीची गादी शेजारच्या भिंतीपासून हलवून आतल्या खोलीत. पोकळ रबरी खेळण्यात गोठवलेला दहीभात, जो चाटून संपवायला त्याला अर्धा तास लागतो. निघताना लाडाचे निरोप बंद. सुट्टीच्या दिवशी सराव: किल्ल्या घेऊन एक मिनिट बाहेर, मग दोन, मग पाच, आणि तो भुंकू लागण्याआधीच परत. दुपारी दोन तास कामाच्या मावशींनी घरी थांबायचे ठरले. मारणे, ओरडणे, विजेचा झटका देणारे पट्टे हे सर्व वर्ज्य, कारण घाबरलेल्याला आणखी घाबरवून धास्ती जात नाही. हे आपण मुलांच्या बाबतीत जाणतोच. दर आठवड्याला मुद्रण करून आकडा मी बाबूजींना दाखवीत असे. दोन महिन्यांत एक तास पन्नास मिनिटांचे दहा-बारा मिनिटांवर आले. कचरागाडीचे गाणे वाजले की मात्र तो आजही सूर लावतो. त्यावर आमच्या पशुवैद्यांकडेही औषध नाही.

तक्रार करणाऱ्यांनाही एक विनंती. थेट बोला, वेळा लिहून ठेवा, आणि निनावी नोटीस, दगड किंवा त्याहून वाईट मार्गांकडे वळू नका. प्राण्याला विष घालणे हा गुन्हा आहेच, शिवाय त्याने शेजार कायमचा तुटतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न मी इथे मुद्दाम घेतलेला नाही. तो नसबंदी, लसीकरण आणि नगरपालिकेच्या जबाबदारीचा आहे. कुत्रा चावलेली मुले मी नित्य पाहतो, त्यामुळे त्या भीतीला मी कमी लेखत नाही. पण पाळलेल्या कुत्र्याच्या भुंकण्याची जबाबदारी कुणावर, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही.

बाळ आता दोन वर्षांचे होऊन गेले. आजोळी आले की "मोती" म्हणून भिंतीवर थाप मारते. गेल्या महिन्यात भर दवाखान्यात बाबूजींचा फोन आला. "डॉक्टर साहब, मोती बीस मिनट से भौंक रहा है." त्या दिवशी मावशी आल्या नव्हत्या. मी कंपाउंडरला घरी पिटाळले आणि पुढचा रुग्ण आत घेतला. फोन ठेवल्यावर लक्षात आले की, बाबूजींनी या खेपेस "बुरा मत मानिएगा" म्हटले नव्हते.